जर्मन सूर, देशी भाव

आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये कुठे सैल झाली. पण स्वस्तात जर्मन सुरांची जुनी पेटी मिळवायची आमची हौस काही सैल झाली नाही!

समजा, बोरिवलीत इमारत पाडायची म्हणून एक आजी माळ्यावरची पेटी हजारात काढताहेत. तुम्ही भाता मारता, काळी दोन धरता आणि अंगावर काटा येतो. आता सांगा, आजींना खरी किंमत सांगायची का? घासाघीस हा आपला जन्मसिद्ध हक्कच. पण समोरच्याला भावच ठाऊक नसेल, तर ती घासाघीस कसली? ती सुरातली पाकीटमारी! आधी "आजी, ही फार मोलाची आहे हो" म्हणावं, मग खुशाल कमी करायला सांगावं. वाजवणाऱ्याला आजी कमी करतातही.