वाटाड्याचे ऋण

एरंडोलहून पद्मालयाला जायला आपल्याला वाटाड्या लागत नाही. दहाएक किलोमीटरची वाट, टेकडीवर गणरायाच्या दोन स्वयंभू मूर्ती आणि शेजारी कमळांचे तळे. सारे ओळखीचे. पण अलीकडे आपल्या खानदेशातून पुष्कळ जण, विशेषतः घरातली तरुण मुले, सह्याद्रीच्या गडांवर जातात. हरिश्चंद्रगड त्यांच्या फार आवडीचा. पायथ्याच्या पाचनई गावात मुक्काम, गावकऱ्याच्या घरी पिठलं-भाकरी, आणि पहाटे गावातलाच एखादा मुलगा वाट दाखवायला पुढे. वर हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ आणि कोकणकड्यावरून दिसणारी खोल दरी. राहण्याचे, जेवणाचे, वाटाड्याचे पैसे आधीच ठरलेले. ते चुकते केले की हिशेब मिटला, असे आपण म्हणतो. माउली, तो खरेच मिटतो का?

पाहुणचार म्हणजे काय, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही. मुक्ताईनगरहून आदिशक्ती मुक्ताईंची पालखी निघते, ती महिनाभर चालून पंढरीला पोहोचते. वाटेत गावोगावची माणसे जेवू घालतात आणि वर आपल्याच पाया पडतात. तिथे ऋण फिटत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून आपण नम्र असतो.

पैसे मध्ये आले की मात्र दोन चुका होतात. पहिली चूक भाविकाची. ‘देवाच्या वाटेवर कसले पैसे? तुलाही पुण्य लागेल,’ म्हणत तो घासाघीस करतो. कोणी आनंदाने वाढलेले घेणे वेगळे आणि कोणाची मजुरी कापणे वेगळे. वाटाड्या त्या दिवशी आपले काम सोडून येतो. घरातली माय आपल्यासाठी अंधारात उठून भाकऱ्या थापते. त्यांचा संसार त्यावर चालतो. त्यांच्या घामातून आपण पुण्य कसे मिळवणार?

दुसरी चूक पैसेवाल्याची. दाम मोजले, म्हणजे घरही आपले आणि माणूसही आपला, असे त्याला वाटते. उन्हाळ्यात डोंगरातल्या बाया डोक्यावरून पाणी आणतात आणि हा अंघोळीला बादलीमागून बादली ओततो. वाटाड्याला ‘ए पोऱ्या’ म्हणून हाक मारतो. धुके दाटल्यावर तो मुलगा म्हणतो, ‘दादा, आता पुढे नको.’ तेव्हा हा सुनावतो, ‘पैसे दिलेत, वर ने.’ पैशाने त्या मुलाचा दिवस विकत मिळाला हे खरे. पण थकलेल्यासाठी थांबणे, पाय घसरला तर हात देणे, जिवाच्या काळजीने मागे फिरवणे, याचा भाव कुठे ठरला होता?

इथे चांगदेवांची आठवण होते. तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव गाव आपल्याच खानदेशातले, आणि हरिश्चंद्रगडावर चांगदेवांनी वास्तव्य केले, असे परंपरा सांगते. वाघावर बसून आलेल्या त्या वयोवृद्ध योग्याने लहानग्या मुक्ताईला गुरू मानले. ज्याला वाट ठाऊक, तो वयाने लहान असला तरी पुढे चालतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. मग त्याच गडावर जाताना वाटाड्याचे ऐकण्यात आपला कसला कमीपणा?

म्हणून माउली, ठरलेले पैसे पुरते द्या, घासाघीस नको. आणि देऊन झाल्यावर, काहीच दिले नाही अशा भावाने त्या घरात वावरा. बादली भरण्याआधी पाणी किती लांबून येते, ते विचारा. वाटाड्या परत फिरू म्हणाला, तर कळस दिसत असला तरी तिथूनच हात जोडा आणि फिरा.

तरीही थोडे ऋण उरेलच. ते पाचनईला फिटायचे नाही. उद्या एखादा परका माणूस एरंडोलच्या फाट्यावर उतरून पद्मालयाची वाट विचारेल. त्याला आधी पाणी द्या आणि मग चार पावले त्याच्यासोबत चाला. राम कृष्ण हरी.