रामकुंडावरचा दूरस्थ यजमान

संकल्पात देश आणि काल उच्चारावे लागतात. नाशिकच्या रामकुंडावर बसलेला यजमान गोदावरीचा तीर सांगतो. पण यजमान दूर असेल तर? 1882 साली मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा दूर जाई तो फक्त आवाज; पुढे आलेल्या चकतीच्या काळ्या फोनचीही वायर भिंतीपाशीच संपे. 1995 साली भारतात मोबाइल आला, पुढे त्याला कॅमेरा मिळाला. आता घाटाच्या ओल्या पायरीवर, दर्भ-तिळांच्या ताम्हणाशेजारी, तांब्याला टेकवलेल्या फोनमध्ये परदेशातला मुलगा आचमन करतो. मग देश कोणता उच्चारायचा? पूर्वमीमांसा द्रव्याला प्रतिनिधी मान्य करते, यजमानाला सहसा नाही. पण पडद्यावरचा मुलगा कोणाचा प्रतिनिधी नव्हे. तो स्वतःच बोलतो आहे. म्हणून वाणीचा संकल्प फोनवरूनही खरा मानावा. स्नान मात्र नाही. त्यासाठी गोदेचे पाणी अंगाला लागावेच लागते.