बस म्हटलं की बसायचं!

माझा हुकूम ऐकणारं कोणी नाही, ही माझी जुनी तक्रार. ऑफिसात साहेब हुकूम सोडतात, घरी सौ. सोडते, आणि चिरंजीवांना काही सांगायला जावं तर ते कानात बोंडं घालून बसलेले. त्यामुळे घरात मोत्या आला तेव्हा मला वाटलं, चला, उशिरा का होईना, आपलाही नंबर लागला!

कुत्र्याला मोकळ्या हवेत शिकवावं, असं पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तक विलायतेतलं. तिथली मोकळी हवा वेगळी आणि दादरची मे महिन्यातली वेगळी. आपल्याकडे त्या दिवसांत इडलीपात्राचं झाकण उघडलं की जी येते, ती मोकळी हवा!

रविवारी जेवण, वामकुक्षी वगैरे आवश्यक कामं आटोपून मी तीन वाजता मोत्याला शिवाजी पार्कवर नेलं. कडेच्या फरसबंद वाटेवर उभा राहून फर्मावलं, "बस!" मोत्याने एक पाय उचलला, मग दुसरा, आणि माझ्याकडे पाहिलं. "बस म्हणतो ना!" पुन्हा तेच. हा तर उघड उघड बेशिस्तपणा! तिसऱ्यांदा मी साहेबांचा आवाज काढला आणि मोत्या बसला. माझी छाती इंचभर फुगली.

पण तो उठेचना. जीभ वीतभर बाहेर, लाळ गळतेय, पाय थरथरताहेत. झाडाखालच्या बाकावरून आमच्या शेजारचे अण्णा धावत आले. गुरांच्या दवाखान्यात अण्णांची हयात गेलेली. मोत्याला सावलीत नेऊन त्यांनी त्याच्या पोटावर, पंजांवर पाणी ओतलं आणि मला म्हणाले, "आता तुम्ही बसा पाहू तिथं!" मी फरशीवर नुसता तळहात टेकला. पाच आकडे मोजायच्या आत उचलला.

"अहो, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही," अण्णा म्हणाले. "पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. बाकी सगळा कारभार धापा टाकण्यावर. जिभेवरचं पाणी सुकेल तेव्हा अंग निवणार. या दमट हवेत माझा पंचा दिवसभर सुकत नाही, त्याची जीभ काय सुकणार? शिकवायचंच तर पहाटे या. दहा मिनिटं पुरे. आणि पाणी बरोबर ठेवा."

मोत्या सावरला. तरीही अण्णांनी डॉक्टरांकडे न्यायला लावलंच. रात्री मला झोप येईना. फरशी तापलीय, हे मोत्याला ठाऊक होतं. दोनदा त्याने पाय उचलून मला सांगितलंही. तिसऱ्या वेळी मात्र त्याने स्वतःच्या पायांपेक्षा माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला. आज्ञाधारकपणा हा सद्‌गुण, हे आपण शाळेपासून घोकतो. पण आज्ञा पाळणारा आपली अक्कल आपल्याकडे गहाण ठेवतो. मग दोघांच्या वाटची अक्कल आज्ञा देणाऱ्याकडे नको का? माझ्याकडे तर एकाच्याही वाटची नव्हती!

महाभारतातला युधिष्ठिर कुत्र्यासाठी स्वर्गाच्या दारात अडून बसला. त्याने कुत्र्याला 'बस' म्हटल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही. शेवटी तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्मच निघाला!

हल्ली आम्ही पहाटे साडेपाचला जातो. सौ.ला वीस वर्षांत जे जमलं नाही, ते मोत्याने आठवड्यात करून दाखवलं. 'बस' मी अजूनही म्हणतो, पण आधी वाकून फरशीला हात लावतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मी मोत्याच्या पाया पडतोय.

वाटेना का! फारसं चुकीचं नाही ते.