सिद्धींची निवड

मनुष्याला एकाच वेळीं सर्व कांहीं होतां येत नाहीं, ही गोष्ट इतकी उघड आहे कीं ती सांगण्याचेंहि प्रयोजन वाटूं नये. तथापि नीतिशास्त्रांतील बरेचसे कठीण प्रश्न या एका साध्या गोष्टीच्या पोटांतूनच निघालेले आहेत. आयुष्य मर्यादित, सामर्थ्य मर्यादित, आणि इच्छा मात्र अमर्याद. तेव्हां एक घ्यावयाचें म्हणजे दुसरें टाकावयाचें, हें ओघानेंच आलें. पण काय टाकावें हें ठरवावयाचें कोणीं? ज्याला घ्यावयाचें आहे त्यानें, कीं ज्यांच्या संगतींत तो वावरतो त्यांनीं, कीं ज्यांनीं सर्व हिशेब करून उत्तर अगोदरच काढून ठेविलें आहे त्यांनीं? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत एका अशा उदाहरणाच्या आधारें करावयाचा आहे कीं, जें कित्येक वाचकांस प्रथमदर्शनीं पोरकट वाटण्याचा संभव आहे. तें उदाहरण एका खेळांतलें आहे.

खेळ हा विषय तत्त्वचिंतनाला अगदींच उपरा आहे असें मात्र नाहीं. हुइझिंगा या डच इतिहासकारानें १९३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथांत संस्कृतीच्या मुळाशीं क्रीडा कशी आहे हें दाखविण्याचा प्रयत्न केला. शिवाय नीतीच्या अभ्यासकाला खेळाचा एक विशेष उपयोग आहे. व्यवहारांत आपण काय घेतलें आणि त्यासाठीं काय टाकलें याचा जमाखर्च सहसा धूसर असतो. खेळांत तो आंकड्यांत मांडलेला सांपडतो.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीनें २००४ च्या नोव्हेंबरांत बाजारांत आणला. संगणकाच्या द्वारें हजारों माणसें एकाच काल्पनिक जगांत एकत्र येतात आणि प्रत्येक जण एक भूमिका घेऊन तेथें वावरतो. कोणी योद्धा होतो, कोणी जखमा बऱ्या करणारा पुरोहित होतो, आणि कोणी ‘मेज’ म्हणजे मांत्रिक होतो. मांत्रिकाच्या अंगावर चिलखत नसतें. कापडी झगा घालून दूर उभें राहावयाचें आणि मंत्रांनीं शत्रूस जास्तींत जास्त इजा करावयाची, हें त्याचें काम. खेळाच्या मूळ स्वरूपांत साठ पायऱ्या होत्या. दहाव्या पायरीपासून प्रत्येक पायरीला एक गुण, असे एकंदर ५१ गुण त्याला मिळत, आणि ते खर्चून तो ‘टॅलेंट’ विकत घेई. आपण त्यांना सिद्धि म्हणूं. या सिद्धींच्या तीन शाखा आहेत: आर्केन म्हणजे गूढविद्येची, अग्नीची आणि हिमाची. प्रत्येक शाखेच्या टोंकाला तिची सर्वोच्च सिद्धि असते. तीस गुण त्याच शाखेंत घातल्यावांचून तिला हात लावतां येत नाहीं, आणि एकतिसावा गुण तिच्यासाठीं द्यावा लागतो. एकतीस दुणे बासष्ट. हातीं आहेत एक्कावन्न. दोन शिखरें एकाच मनुष्याला कधींहि मिळावयाचीं नाहींत, अशी ही योजना आहे. त्यागाचें तत्त्व इतक्या स्पष्टपणें मांडणारें कोष्टक मला दुसरीकडे आढळलेलें नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, यांत तत्त्वज्ञान कसलें? हा तर गणिताचा प्रश्न. आणि हें म्हणणें बरेंच खरेंहि आहे. उदाहरणार्थ, अत्यंत बलाढ्य शत्रूवर टाकलेला मंत्र शंभरांत सतरा वेळां फुकट जातो. हिमशाखेच्या आरंभींच एक अशी सिद्धि आहे कीं, तिच्यांत तीन गुण घातले असतां अग्नीचे आणि हिमाचे मंत्र शंभरांत सहा वेळां कमी चुकतात. म्हणजे अग्नीच्या उपासकानेंहि तीन गुण हिमाच्या दारीं वाहणें शहाणपणाचें ठरतें. अशा प्रत्येक गुणाचा हिशेब हौशी गणितज्ञांनीं वर्षानुवर्षें केला आहे. कंपनीनें २०१९ च्या ऑगस्टांत हा खेळ मूळ स्वरूपांत पुन्हा खुला केला, तेव्हां तर पहिल्या दिवसापासूनच उत्तरें लोकांच्या हातांत तयार होतीं. नवख्या मनुष्यानें तीं उतरून घ्यावयाचीं आणि कामाला लागावयाचें.

माझ्या एका विद्यार्थ्यानें यावरच आक्षेप घेतला. तो म्हणाला, “सर, ५१ गुण माझे, वेळ माझा, आणि दर महिन्याचे पैसेहि माझे. मग दुसऱ्यानें काढलेलें उत्तर मीं कां गिरवावें? तसें केलें तर निवड माझी उरते कोठें?” प्रश्न विचार करण्याजोगा आहे. जॉन स्टुअर्ट मिल्‌नें १८५९ सालीं स्वातंत्र्यावर जो निबंध लिहिला, त्यांतील व्यक्तित्वाविषयींचें प्रकरण ज्यांनीं वाचलें असेल त्यांना या मुलाची बाजू सहज पटेल. तयार रूढींतून जीवनक्रम उचलणाऱ्याची विवेकशक्ति वापराविना राहते, असा त्या प्रकरणाचा रोख आहे.

परंतु येथें एक भेद केला पाहिजे. साध्य आणि साधन या दोन गोष्टी निराळ्या आहेत. साध्य एकदां निश्चित झालें म्हणजे साधनाची निवड हा बहुतांशीं ज्ञानाचा विषय होतो, आणि ज्ञानाच्या बाबतींत जाणत्याचें ऐकणें म्हणजे गुलामगिरी नव्हे. वैद्यानें सांगितलेलें औषध घेणारा मनुष्य आपलें स्वातंत्र्य गमावीत नाहीं. उलट, केवळ उत्तर दुसऱ्याचें आहे म्हणून तें नाकारणें यांत स्वातंत्र्याहून अहंकाराचाच भाग अधिक असतो. मात्र साध्य कोणतें, हें गणित सांगूं शकत नाहीं. एकट्यानें रानोमाळ हिंडावें, दुसऱ्या खेळाडूशीं द्वंद्व करावें, कीं चाळीस जणांच्या पथकांत सामील होऊन एखादा महाशत्रु पाडावा, यांपैकीं काय करावयाचें तें ज्याचें त्यानेंच ठरविलें पाहिजे. आणि साध्य बदललें कीं उत्तम सिद्धि कोणती याचें उत्तरहि बदलतें. द्वंद्वांत प्राण वाचविणारें हिमाचें कवच अमोल. पथकाच्या मोहिमेंत त्याच एका गुणाची किंमत पुष्कळ वेळां थोडी.

शिवाय तयार उत्तर हें नेहमीं देशकालाच्या चौकटींतलें असतें, ही गोष्ट तें गिरविणारे विसरतात. या खेळांतील पहिली मोठी मोहीम ‘मोल्टन कोर’ नांवाच्या गुहेंतली. तेथले अनेक शत्रु अग्नीचेच घडलेले. त्यांना आगीची बाधा होत नाहीं. ज्यानें अग्निशाखेचें शिखर गांठलें आहे, त्याची सारी विद्या तेथें निष्फळ. म्हणून त्या काळांत मांत्रिकांनीं हिमाची कास धरिली. पुढें २००६ च्या जूनमध्यें ‘नॅक्सरामास’ची मोहीम खुली झाली आणि तेथें अग्नीचे उपासक पुढें सरसावले. विद्या तीच, उपासकहि तेच. श्रेष्ठ काय आणि कनिष्ठ काय हें मात्र समोरच्या शत्रूनें ठरविलें. ज्याला हें उमगलें तो उत्तर घेतांना त्याचें कारणहि विचारून घेतो, आणि कारण विचारणाराची विवेकशक्ति गंजत नाहीं. मिल्‌ची भीति खरी आहे. पण ती अनुकरणाला लागू पडते, समजून घेतलेल्या ज्ञानाला नाहीं.

आतां प्रश्नाच्या अवघड भागाकडे वळूं. चाळीस जणांच्या पथकांत गेल्यावर मांत्रिकाचे ५१ गुण केवळ त्याचे राहतात काय? अग्निशाखेंत ‘इग्नाइट’ नांवाची एक सिद्धि आहे. तिच्यांत पांच गुण घातले म्हणजे अग्निमंत्राचा वर्मीं घाव बसतांच त्या घावाच्या शेंकडा चाळीस इतकी इजा शत्रूला पुढच्या चार सेकंदांत जळून जळून होते. पण मूळ खेळांत एका शत्रूच्या अंगावर अशी आग एकच असूं शकते. पांच मांत्रिकांचे वर्मीं घाव एकाच आगींत भर घालतात, आणि त्या सर्व आगीचें श्रेय, ज्यानें ती प्रथम पेटविली त्या एकाच्याच नांवावर जमा होतें. मोठी मौज अशी कीं, श्रेयाबरोबर शत्रूचा रोषहि त्याच्याच वांट्याला येतो. शत्रु वळून त्याच्यावर धांवला तर कापडी झगा किती क्षण टिकणार? अशा वेळीं शहाणा मांत्रिक हात आवरतो, आणि इतरांनाहि त्याच्यासाठीं कधीं कधीं हात आवरावा लागतो.

कोणी किती इजा केली हें दाखविणारी एक यादी खेळाडू डोळ्यांसमोर लावून बसतात. तिच्यांत वरचें स्थान मिळविणें हा पुष्कळांचा ध्यास असतो. पण त्या यादींत काय काय दिसत नाहीं तें पाहण्यासारखें आहे. रोष कमी करणाऱ्या सिद्धि आहेत; त्यांनीं इजेचा आंकडा एका कवडीनेंहि वाढत नाहीं. मोल्टन कोरमधील ‘लूसिफ्रॉन’ हा शत्रु सर्वांवर असा शाप टाकतो कीं, प्रत्येक मंत्राचा खर्च दुप्पट होतो. तो शाप उतरविणें हें मांत्रिकाच्या कामांपैकीं एक. जो मांत्रिक आपला मारा थांबवून सोबत्यांचे शाप उतरवीत राहतो तो यादींत खालीं घसरतो. जो दुर्लक्ष करतो तो वर चढतो. यादी खोटें बोलत नाहीं, पण ती अर्धेंच बोलते. ज्या समाजांत माणसाची पारख अशा एकाच यादीवरून होऊं लागते, तेथें परोपकारी मनुष्य आळशी ठरतो आणि स्वार्थी मनुष्य कर्तबगार ठरतो. हा दोष केवळ खेळांतलाच आहे असें कोण म्हणेल?

लोकमान्यांनीं ‘गीतारहस्या’त लोकसंग्रहाच्या कल्पनेवर जो भर दिला आहे, तिचें स्मरण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. पथकांत सामील होणें हें एक मूक वचन आहे. एकोणचाळीस माणसांनीं आपली संध्याकाळ त्या वचनावर विसंबून खर्ची घातलेली असते. तेथें जाऊन “मला अग्नीच आवडतो” म्हणून आगीच्या शत्रूवर आग टाकीत बसणें याला स्वधर्म म्हणतां येणार नाहीं. तो वचनभंगच होय. माझ्या विद्यार्थ्याला मीं हेंच सांगितलें कीं, गुण तुझे आहेत खरे, परंतु पथकाच्या दारांतून आंत शिरतांना तूं त्यांचा विनियोग कांहीं अंशीं इतरांच्या स्वाधीन करतोस. तें मान्य नसेल तर दारांतून आंत न जाण्याचें स्वातंत्र्य तुला पूर्ण आहे.

तथापि वचन दोन्ही बाजूंचें असतें. जें पथक एकाच उत्तराचा आग्रह धरतें, त्यानें तो आग्रह कशासाठीं आहे हें स्वतःला विचारिलें पाहिजे. शत्रु दुर्जेय असेल तर प्रत्येक गुण मोलाचा. तेथें आग्रह न्याय्य. पण पुष्कळदां शत्रु शंभर वेळां पाडून झालेला असतो, दोन निवडींतील अंतर नाममात्र असतें, आणि तरीहि निराळ्या वाटेनें जाणाऱ्याला अपमान करून हांकलून दिलें जातें. तेथें गणिताचें नांव पुढें केलेलें असतें, पण आंत रूढीचा जुलूमच असतो. सर्वांच्या हिताला धक्का न लावतां जेवढी मोकळीक देतां येईल तेवढी देणें हें समुदायाचें कर्तव्य आहे. कारण मनुष्य हा आघात करणारें यंत्र म्हणून तेथें आलेला नसतो.

निवड पुन्हा बदलण्याची सोय असावी कीं नसावी, हाहि एक विचारणीय मुद्दा आहे. मूळ खेळांत सिद्धि परत करून गुण नव्यानें वांटतां येत. पहिल्या वेळीं एक सुवर्णनाणें, मग पांच, आणि असें वाढत वाढत पन्नासपर्यंत मोल द्यावें लागे. मला ही रचना फार मार्मिक वाटते. चूक सुधारण्याचा मार्ग बंद नाहीं, पण चंचलपणा महाग आहे. निवड अजिबात बदलतां येत नसेल तर माणूस भीतीनें दुसऱ्याच्याच पावलावर पाऊल ठेवील. ती फुकट बदलतां येत असेल तर तिला निवड म्हणण्यासारखें वजनच उरणार नाहीं.

कंपनीलाहि हा प्रश्न सुटलेला दिसत नाहीं. बहुतेक सर्व जण एकच उत्तर गिरवितात हें पाहून तिनें २०१२ सालीं या शाखाच काढून टाकल्या, आणि त्यांच्या जागीं सहा टप्प्यांवर प्रत्येकीं तिहींतून एक एवढीच निवड ठेविली. दहा वर्षांनीं, २०२२ च्या ऑक्टोबरांत, शाखा नव्या रूपांत परत आल्या. यावरून एक अनुमान काढतां येतें. बहुसंख्य लोक तयार उत्तर घेणार असले, तरी निवडीचें क्षेत्रच त्यांच्यापासून काढून घेतलेलें त्यांना आवडत नाहीं. दुसऱ्याचें उत्तर स्वीकारणें आणि स्वीकारण्यावांचून गत्यंतर नसणें, या दोहोंत जें अंतर आहे तें प्रत्यक्ष वर्तनांत दिसत नाहीं. पण माणसाच्या स्वत्वाला तें पुरतेंपणीं जाणवतें.

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत मुलांच्या शिक्षणाच्या वेळीं हाच प्रसंग उभा राहतो. कोणत्या शाखेला किती भाव आहे याचीं कोष्टकें घरोघर तयार असतात, आणि तीं सर्वस्वीं खोटीं असतात असें मी म्हणणार नाहीं. अनुभवी माणसांनीं केलेला तो हिशेब आहे. मुलानें तो कारणांसह समजून घ्यावा हें उत्तम. पण कोष्टक साधन सांगतें, साध्य सांगत नाहीं. तें आजच्या शत्रूकडे पाहून केलेलें असतें, उद्यांच्या नव्हे. आणि कुटुंबासाठीं, सोबत्यांसाठीं मूकपणें शाप उतरविणाऱ्याचें नांव त्यांत येत नाहीं. मुलाच्या हातांत कोष्टक देणाऱ्या वडील माणसांनीं या तीन गोष्टीहि त्याच्या कानीं घालाव्या, आणि मग त्याचे एक्कावन्न गुण त्याला स्वतःच्या हातांनीं खर्चूं द्यावे.