प्रवासापूर्वींचें विणकाम

दिवाळीच्या सुटींत नातलगांकडे जावयाचें ठरलें, कीं अनेक घरांतून अर्धवट राहिलेले स्वेटर व क्रोशाचे रुमाल बाहेर निघतात. उद्यांची गाडी गांठावयाची असतां, दहा ओळी मागें झालेली चूक आज दिसली, तर काय करावें? घाई हें चुकीचें समर्थन नव्हे, असें नीतिज्ञ सांगेल. पण सर्व चुका एका जातीच्या नसतात. सुईवरून निसटलेला टाका खालचे टाके एकामागून एक सोडवीत जातो. तो क्रोशाच्या सुईनें ओळीओळीनें वर आणून सांधलाच पाहिजे. त्यापायीं रिकाम्या हातीं जावें लागलें, तरी चालेल. तो लपवून दिलेली भेट ही फसवणूक होय. उलटाऐवजीं सुलट पडलेला टाका मात्र वस्त्राच्या उबेंत वा टिकाऊपणांत कांहीं उणें आणीत नाहीं. तो विणणारीच्या अभिमानालाच बोचतो. त्यासाठीं सारें उसवून एखाद्या बालकाचा हिवाळा उबेवांचून जाऊं देणें, यांत कलानिष्ठेपेक्षां आत्मप्रीतीच अधिक. भेट कोणासाठीं आहे हें ध्यानांत ठेविलें, म्हणजे कोठें उसवावें व कोठें पुढें जावें, हा निर्णय फारसा अवघड राहत नाहीं.