बिनकाट्याचं झाड

सासूबाईंचा नियम एकच होता: काट्याचं झाड उंबऱ्याच्या आत येणार नाही. काटे घरात आले की माणसांच्या बोलण्यात उतरतात, असं त्यांच्या आईचं म्हणणं, आणि ते त्यांनी माहेराहून सासरी जसंच्या तसं आणलं होतं. सुनेची अडचण वेगळी होती. गॅलरी पश्चिमेची, दुपारच्या उन्हात तुळससुद्धा मान टाकायची, आणि नवराबायको दोघं नोकरीला. पाणी घालायची आठवण राहणार कुणाला? तिला कॅक्टस हवा होता. अखेर तोडगा निघाला. कॅक्टस आणायचा, पण निवडायचा सासूबाईंनी.

पुणे-सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडीच्या एका नर्सरीत दोघी उतरल्या. माळी म्हातारा होता, फार न बोलणारा. त्यानं शेडकडे बोट दाखवलं आणि तो कुंड्या भरत राहिला.

सासूबाई थेट सशाच्या कानांसारख्या चपट्या, गुबगुबीत झाडापाशी गेल्या. "बघ, एक काटा नाही. मखमल आहे नुसती," असं म्हणत त्यांनी त्यावरून हात फिरवला. पुढच्याच क्षणी बोटं झटकू लागल्या. त्या मखमलीवरचे सोनेरी ठिपके म्हणजे बारीक कुसळांचे झुबके असतात. कातडीत शिरतात आणि चिमटीत येत नाहीत. माळ्यानं न बोलता चिकटपट्टी आणून दिली. त्याच्या खिशातच होती.

"फड्या निवडुंगातलंच आहे हे मावशी. मोठ्या काट्याला हात लावणारं गिऱ्हाईक अजून बघितलं नाही मी. ह्याला मात्र रोज कुणीतरी कुरवाळतंच."

चिकटपट्टीनं बोटं टिपत सासूबाईंनी दुसरं झाड दाखवलं: नुसत्या हिरव्या गुळगुळीत कांड्या, ना पान ना काटा. माळ्यानं एका कांडीचं टोक मोडलं. पांढराशुभ्र चीक ठिबकला.

"हा शेर. घरात लहान पोर आहे?"

"नातू आहे, चार वर्षांचा."

"मग हा शेताच्या कुंपणालाच बरा. डोळ्यात चीक गेला तर दवाखाना गाठायचा. आणि हा कॅक्टसच नव्हे. त्रिधारी निवडुंगाच्या कुळातला, युफोर्बिया."

मग त्यानं एक काटेरी गोळा हातात घेतला, मॅमिलेरिया, आणि काट्यांच्या बुडाशी बोट नेलं. प्रत्येक झुबका कापसाच्या इवल्या गादीतून उगवला होता. कॅक्टस ओळखायची खूण हीच. गादी आहे तर कॅक्टस. ती नाही आणि चीक पांढरा, तर बहुधा युफोर्बिया, मग दिसायला कितीही सारखा असो. (कॅक्टसकुळाची मायभूमी अमेरिका खंड. आपल्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं फड्या निवडुंगही मूळचं तिकडचंच, हे नियम करणाऱ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.)

एवढ्यात सुनेनं लालभडक डोक्याचा एक कॅक्टस उचलला होता. माळी हसला. त्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. खालच्या हिरव्या खोडावर कलम केलेला असतो, आणि ते खोड ड्रॅगन फ्रूटच्या वेलाचं. दोघांचा मेळ तुटला की लाल डोकं जातं. शेजारच्या कुंडीतल्या कॅक्टसवरचं पिवळं फूल तर वाळकं होतं, गोंदानं चिकटवलेलं. "दुसरीकडून आलेला माल आहे. फुलाचंच गिऱ्हाईक असतं," तो म्हणाला.

"म्हणजे काटे नकोत म्हटलं तर कॅक्टस मिळणारच नाही," सासूबाई कुरकुरल्या.

"घरी काय काय लावलंय, मावशी?"

सासूबाईंचा चेहरा खुलला. तुळस, गोकर्ण, आणि ब्रह्मकमळ! माहेराहून एक पान आणून खोचलं होतं. फुलायच्या रात्री सगळी बिल्डिंग जमते, फुलाला हळदकुंकू वाहतात.

"तो कॅक्टसच आहे," माळी म्हणाला.

सासूबाईंना थट्टा वाटली. तो समजावत राहिला. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते पुण्याच्या उकाड्यात जगायचं नाही. आपल्या घरोघरचं आहे ते मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलात झाडांवर वाढणारं. आपण पान म्हणतो ते चपटं खोड आहे, म्हणून तर खोचलं की रुजतं आणि कळीही त्याच्याच कडेच्या खाचेतून फुटते. काटे मात्र त्यानं टाकून दिलेत.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चष्मा नाकावर सरकवून मॅमिलेरियाच्या कुंड्या एकेक उचलू लागल्या. एक परत ठेवली: बूड तपकिरी आणि मऊ. दुसरीत बेचक्यांमध्ये पांढरं काहीतरी होतं. "ही गादी नव्हे. गाद्या कशा रांगेत असतात," त्या म्हणाल्या. माळ्यानं वाकून पाहिलं. पिठ्या ढेकूणच होता. कुंडी त्यानं मुकाट्यानं बाजूला नेली. तिसरी त्यांना पसंत पडली. भाव मात्र नाही पडला. तिथे दहा मिनिटं गेली.

"अहो आई, पण काटे?" सुनेनं हळूच विचारलं.

"दिसतायत ना समोर? नातवाला सांगता येईल, हात लावू नकोस म्हणून." मग त्या माळ्याकडे वळल्या. "पावसाळ्यात काय करायचं ह्याचं?"

"आत घ्या. पागोळ्या पडत राहिल्या तर बुडातून कुजेल. उजेड मात्र हवा, नाहीतर लांबडा, फिकट होतो."

"मग हॉलची खिडकी बरी," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "तिथली ती प्लॅस्टिकची फुलं काढून टाक."