श्रद्धा, समुदाय आणि देवाचा दरबार

श्रद्धा एकट्याची की समुदायाची, हा ख्रिस्ती तत्त्वचिंतनातील जुना प्रश्न आहे. किर्केगार्दने ईश्वरासमोर एकट्या उभ्या व्यक्तीला महत्त्व दिले. जोसाया रॉइसने १९१३ मध्ये प्रेमाने बांधलेल्या समुदायातच ख्रिस्ती धर्माचे सार पाहिले. मराठी प्रदेशात या द्वंद्वाला जातीचा तिसरा कोन आहे. हिवरखेडसारख्या वऱ्हाडी गावात समुदाय निवडावा लागत नसे. पाणवठा आणि पंगत तो आधीच ठरवीत. म्हणून बाप्तिस्मा हा केवळ मनाचा पालट न राहता घरापासूनची फारकत ठरे.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ही फारकत पत्करली. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त मात्र त्यांचा विटाळ आधी सुटतो, धर्मांतर नंतर येते. म्हणजे सहभोजन हे श्रद्धेचे फळ नसून तिची वाटही असू शकते.

१९१७ मध्ये मिशन सोडून टिळकांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. ही उदारता मोठी. पण तिच्यात एक धोका आहे. सीमा नसलेल्या समुदायात सवर्ण भक्त आपली जात घरी सुरक्षित ठेवू शकतो. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याला मात्र चर्चची सीमा हाच आसरा वाटू शकतो. तेव्हा दरबाराची कसोटी बाप्तिस्म्यात नाही, तशी केवळ भक्तीतही नाही. भक्ताच्या स्वतःच्या घरातील पंगतीत कोणाला पान मांडले जाते, तेथे ती लागते.